न उबवलेला दगड

दुसरा महिना, तिथी नऊ

पोचलो एकदाचा! सुचौहून निघालो त्याला आज पन्नासावा दिवस. कालव्याच्या नावेत बसून बसून पाठीचं लाकूड झालं, पण महालाच्या पश्चिम दरवाज्यावर कमरेला पाटी बांधली आणि सगळा शीण पळाला. पाटीवर लिहिलंय: वेई, जेडकाम, दक्षिणेचा. नुसतं आडनाव, पुढचं माझं नाव गाळलेलं. पुरं नाव घाला म्हटलं, तर दरवाज्यावरचा कारकून म्हणाला, नाव बादशहांचं असतं, तुमचं असतं ते काम. असू दे. बघू आपण.

जेडच्या कारखान्यात अकरा बैठका. पहिली खिडकीपाशी, भरपूर उजेडात, तिच्यावर फान दादा. माझा गुरुबंधू. एकाच गुरूकडे, एकाच गल्लीत आम्ही दगड घासायला शिकलो. मला बघताच उठला, चिखलाच्या हातांनीच मिठी मारली. म्हणाला, धाकट्या, सहा वर्षं डोळे लावून बसलो होतो तुझ्या वाटेकडे. त्याला रडू आलं. मलाही आलं असतं, पण माझी नजर खिडकीवर होती.

माझी बैठक अकरावी. भिंतीकडची.

संध्याकाळी दादाने कुठूनसा तांदूळ पैदा केला आणि भात रांधला. इथली मंडळी दोन्ही वेळा कणकेचे गोळे गिळतात म्हणे. झोपायची खोली आम्हा दोघांत एक. खाटेवरच्या रजईचा चांगला भागही त्याने मलाच दिला. असा चांगुलपणा केला की समोरच्याला काही बोलायची सोयच राहत नाही.

दुसरा महिना, तिथी सव्वीस

कामाचा हात बसला. आमचा कारखाना मोठी भांडी करत नाही. चित्रांच्या गुंडाळ्यांना लागतं ते करतो: खालच्या दांड्याच्या दोन टोकांना दोन मुठी, आणि गुंडाळी बांधली की फितीत सरकवायची एक खिट्टी. एवढंसं काम! असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. चित्राला बादशहासुद्धा हात लावत नाहीत, बोटांचं तेल लागतं. त्यांचे तळवे पडतात ते आमच्या मुठींवर. चित्र काढणारा जन्मभर दूर उभा राहतो आणि आम्ही त्यांच्या मुठीत असतो.

आज हाओ काकांनी मेख सांगितली. हाओ काका चमक देणारे, इथलेच, तोंडाने महाफटकळ. म्हणाले, पोरा, डबीत काम ठेवून आत पाठवतात तेव्हा सोबत चिठ्ठी जाते. चिठ्ठीवर नाव असतं फक्त पहिल्या बैठकीवाल्याचं. काम कुणीही केलेलं असो.

म्हणजे गेल्या पंधरवड्यात मी जी खिट्टी केली, वेलबुट्टीची, जिच्यावर मी स्वतःच खूश होतो, ती आत गेली फानच्या नावाने. मी दादाला विचारलं. तो ओशाळला. म्हणाला, रीतच आहे रे, मी काय करू. वर माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचं मांस वाढलं. मी ते तसंच बाजूला सारलं.

लहानपणी गुरुजींनी आम्हा दोघांच्या वाट्या शेजारी ठेवल्या होत्या. फानची उचलून उन्हात धरली. माझ्या वाटीकडे बघून म्हणाले, हीसुद्धा बरी आहे. ‘सुद्धा’. पंचवीस वर्षं झाली, अजून तो शब्द दाढेत अडकलाय.

तिसरा महिना, तिथी अकरा

मोठं काम आलं! तीन जुन्या चित्रांची एक पेटी. सहा मुठी, तीन खिट्ट्या, नऊ नग, सगळे एकाच दगडातले, एकाच रंगाचे. चंद्राच्या सणाला, म्हणजे आठव्या महिन्यात, चित्रं टांगायची. कारखानीस फुसेनसाहेब स्वतः सांगायला आले. काम फानला दिलं, हे काय सांगायला हवं.

आणि हा शहाणा काय म्हणाला? म्हणाला, सण होऊन जाऊ द्या, मग दगडाला चकती लावतो, एवढा मोठा बिनडागी दगड आत्ता भांडारात नाही. फुसेनसाहेबांची भिवई वर गेली. बादशहांच्या सणापेक्षा तुझं पंचांग मोठं का, असं विचारलं त्यांनी. फान मान खाली घालून उभा. पण हलला नाही. मी असतो तर गुडघे टेकून त्या क्षणी हो म्हटलं असतं. देव दात देतो तो चणे नसलेल्याला, आणि चणे देतो तो फानला.

तिसरा महिना, तिथी वीस

दगड आहे! त्याच्याकडे आहे!

आज विहिरीवर अंग धुताना त्याचा सदरा वर सरकला. पोटाशी फडक्यात काहीतरी बांधलेलं. मी बघितलं हे त्याने बघितलं, मग सोडून दाखवलं. तळहाताएवढी, तीन बोटं जाड चीप. पांढरी, आतून पिवळसर, जणू साय. एका कोपऱ्यात तांबूस डाग, तोही सुरेख. मी असा दगड जन्मात पाहिलेला नाही. गुरुजींनी मरताना त्याच्यासाठी पाठवला म्हणे. मला काय दिलं गुरुजींनी? आशीर्वाद.

दगड थडग्यातला आहे. थडग्यातला दगड लगेच घासत नाहीत, तीन वर्षं जिवंत माणसाच्या अंगाशी उबवायचा, मग चकती, ही आमच्या गल्लीतली रीत. अंडं उबवल्यासारखं. फानची तीन वर्षं चंद्राच्या सणाला भरतात. म्हणून तो थांबा म्हणाला होता तर. आता कळलं.

उबवल्याने चमक चढते, एवढंच त्यातलं खरं. बाकी म्हाताऱ्यांच्या कहाण्या. पंचवीस वर्षांत मी उबवलेला आणि न उबवलेला घासून बघितलाय का? नाही. कुणीच नाही बघितलेला. सगळे नुसतं सांगतात.

चौथा महिना, तिथी तीन

फान तापाने फणफणलाय. चार दिवस शुद्ध नाही. मीच पेज भरवतो, मीच अंग पुसतो. हाओ काका म्हणाले, सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतोस. मी म्हटलं, गुरुबंधू आहे.

परवा अंग पुसताना पोटावरचं फडकं सोडलं. दगड बाहेर काढला आणि त्याच वजनाची साधी चीप आत बांधली.

लिहून टाकलं. बरं वाटलं. चोरी म्हणा खुशाल. फुसेनसाहेबांकडे गेलो, सांगितलं, गुरुजींनी दिलेला दगड माझ्याकडे आहे, सणाच्या आत नऊ नग देतो. मेणाचा नमुना त्याच दिवशी आत गेला, दुसऱ्या दिवशी होकार. आणि साहेब काय म्हणाले! असंच काम झालं तर खिडकीची बैठक बदलायला वेळ लागत नाही. आणि चिठ्ठीवर नाव.

नाव!

चौथा महिना, तिथी सात

दगड कापला. आता परत द्यायचा म्हटला तरी देता येणार नाही, हे उत्तम झालं.

नवल आहे. पायांनी फळ्या दाबायच्या, लोखंडी चकती फिरते, तिच्यावर ओली वाळू सोडत दगड तसू-तसू झिजवायचा, एका मुठीला वीस दिवस लागतात. हा दगड लोण्यासारखा कापला गेला. वाट बघत असल्यासारखा. आणि एवढ्या घासाघाशीनेही गरम होत नाही. दिवसभर घासा, बर्फ तो बर्फच. बोटं बधिर होतात.

चौथा महिना, तिथी पंधरा

पहिली मूठ तयार. आठ दिवसांत! ढगांची नक्षी, मध्ये भोक, त्यात दांड्याचं टोक घट्ट बसतं. कारखानाभर फिरली. हाओ काकांनी चमक दिली आणि चक्क गप्प बसले, यापेक्षा मोठं बक्षीस नाही.

डावा कान गच्च झालाय. आंघोळीचं पाणी गेलं असेल. अकरा चकत्यांचा खर्रखर्राट अर्धा झाला, त्याचंही सुखच आहे.

चौथा महिना, तिथी बावीस

दुसरी मूठ झाली. पहिलीची जुळी. तागडीत घातली तर काटा हलला नाही.

फान उठून कारखान्यात आला. अशक्त, भिंत धरत. माझ्या बैठकीपाशी थांबला, मूठ हातात घेतली आणि चेहरा पांढराफटक पडला. एका क्षणात ओळखलं. मला वाटलं आता बोंब मारणार. मारली नाही. ओठ हलत होते. मला ऐकू येईना. दोन्ही कान गेलेत, आज सकाळपासून. त्याच्या ओठांवरून एवढंच कळलं: थांब. धाकट्या, थांब.

जळतोय. कधी नव्हे ते फान जळतोय! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर तो भाव बघितला जो माझ्या तोंडावर रोज असतो. ऐकू येत नसलं तरी दिवस गोड गेला.

चौथा महिना, तिथी अठ्ठावीस

पहिली खिट्टीही झाली. पहिला संच डबीत घालून आत गेला.

वैद्याने कान बघितले. हाओ काकांनी पाटीवर लिहून दाखवलं: वैद्य म्हणतो आत मळ नाही, पांढरं गुळगुळीत काहीतरी आहे. वैद्याने चांदीच्या काडीने टिचकी मारली. ऐकू आलं नाही, पण दातांत जाणवली. दगडावर दगड आपटल्यावर जाणवते तशी. भुकटी साचून घट्ट झाली असणार. जेडवाल्यांचे कान जातातच.

शिवाय तीन दिवस पोट साफ नाही. काकांनी पाटीवर लिहिलं, कणकेच्या गोळ्यांना तुझा मुलूख आवडला, बाहेर यायला तयार नाहीत. सगळे हसले. मीही हसलो. एरंडेल घेतलं. काही नाही.

पाचवा महिना, तिथी दोन

आतून शब्द आला!! संच बघून बादशहा म्हणाले, उजवी मूठ सोडवत नाही. फुसेनसाहेबांनी स्वतः पाटीवर लिहून दिलं. उरलेले दोन संच असेच झाले की नावाची चिठ्ठी माझी, खिडकी माझी.

फानकडे बघितलं. तो रडत होता. माझ्यासाठी आनंदाने रडतोय असं दाखवायचं असेल त्याला.

पाचवा महिना, तिथी दहा

चौथा नग. नाकाची उजवी बाजू बंद.

आता योगायोग म्हणवत नाही. मूठ, कान. मूठ, कान. खिट्टी, पोट. मूठ, नाक. नखाने आत खाजवलं. नख तुटलं.

दुखत मात्र नाही. काहीच दुखत नाही.

पाचवा महिना, तिथी अकरा

फानने दुपारच्या सुट्टीत मला अंगणात ओढत नेलं. फरशीवर ओल्या बोटाने लिहीत गेला. एक वाक्य सुकायच्या आत दुसरं. सगळं उतरवतो.

पूर्वी मोठ्या माणसाचं मडं पुरताना देहाची नऊ दारं जेडच्या बुचांनी बंद करत. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड, आणि खालची दोन. हा दगड त्या नऊ बुचांसाठीच नेमलेला होता. बुचं कापायच्या आत थडगं बंद करावं लागलं. दगड अख्खाच आत गेला. हजार वर्षं तो नेमलेल्या कामाची वाट बघत पडला होता. जिवंत उबेत तीन वर्षं राहिला की विसरतो. मी त्याचे नेमके नऊच नग पाडले.

मग लिहिलं: उरलेले मला दे. पोटाशी बांधतो. साहेबांच्या पाया पडून मुदत मागतो. उबवले की दारं उघडतील, केलेलेही परत मागून घेऊ. नंतर मी घासून पुरे करतो.

मी पुरे करतो. मी!

म्हणजे चार माझे, पाच त्याचे. मग चिठ्ठीवर कुणाचं नाव लागणार, हे सांगायला जोशीबुवा नकोत. मी मान हलवली. नाही.

पाचवा महिना, तिथी अठरा

पाचवा. नाक पुरं बंद. तोंडाने श्वास. जेवताना श्वास थांबवावा लागतो.

वास नाही, चव नाही. भात आणि माती एक.

फान माझ्या बैठकीपाशी येऊन रोज हात जोडतो. लोक बघतात. काल चकतीचा पट्टाच कापून टाकला त्याने. नवा घातला. कारखानिसांना सांगून त्याला दूर बसवायला लावलं. जाताना त्याने वळून बघितलं. ओरडून सांगितलं नाही कुणाला, दगड माझा आहे म्हणून. एक शब्द टाकला असता तर माझं डोकं उडालं असतं. का नाही टाकला? हाच चांगुलपणा मला—

पाचवा महिना, तिथी चोवीस

खिट्टी दुसरी. सहावा नग. तीन दिवस कामाला हातच लावला नव्हता, खरंच. भीतीने. मग खिडकीकडे नजर गेली. रिकामी बैठक. उजेड नुसता सांडत होता तिच्यावर.

आता लघवीही नाही. पोट नगाऱ्यासारखं. तरी दुखत नाही. जिथे दुखायचं तिथे गार.

दुसरा संच आत गेला.

पाचवा महिना, तिथी सव्वीस

फुसेनसाहेबांना मी विचारलं: फानला इतक्या दूर बसवला तरी तक्रार कशी नाही? साहेबांनी कपाळावर आठ्या घालून एक जुना कागद काढून दाखवला. पहिल्या महिन्यातला. मी इथे पोचायच्याही आधीचा. खाली फानचं नाव आणि अंगठा. मजकूर असा:

चंद्राचा सण झाला की मला घरी जाऊ द्यावं. माझी बैठक माझा धाकटा गुरुबंधू वेई याला द्यावी. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याच्या स्वतःच्या नावाच्या पहिल्या कामासाठी मी एक दगड उबवतो आहे.

वाचलं. पुन्हा वाचलं.

माझ्यासाठी. तीन वर्षं पोटाशी, माझ्यासाठी. खिडकी माझीच होती. नाव माझंच होतं. नुसतं सणापर्यंत गप्प बसायचं होतं.

रडायला आलं, तेवढं दार अजून उघडं आहे.

आणि मग— लिहितो, कारण इथे खोटं लिहून कुणाला फसवू— मग पुन्हा तेच पोटात पेटलं. म्हणजे मिळालं असतं ते त्याने दिलेलं. त्याच्या ओंजळीतून. जन्मभर कारखाना म्हणाला असता, फानने सोडली म्हणून वेई बसला.

‘सुद्धा’.

नको. मी घेतलेलं हवं. तीनच उरलेत.

सहावा महिना, तिथी एक

सातवा. उजवा डोळा. आधी साय आली, मग साय घट्ट झाली. बोट लावलं. गुळगुळीत. पापणी त्याच्यावरून सरकते.

मूठ मात्र— अशी मूठ या कारखान्यात झाली नाही. होणार नाही.

फान खोलीच्या दारात आडवा झोपला होता. ओलांडून गेलो.

तिथी चार

आठवा घासतोय. डावा डोळा धुरकट. तरी चालतंय, आमचं काम वाळूच्या चिखलाखाली, दिसतं कुणाला, बोटांना कळतं. गुरुजी डोळे बांधून शिकवायचे. फान अडखळायचा. मी नाही. त्यात मी पहिला होतो. ते कुणी मोजलं नाही.

तिथी सहा

झाला. हे शेवटचं दिसतंय ते. कागदाची कड. माझं बोट. खिडकी

बहुधा सात

ओळी एकमेकींवर चढत असतील. असू देत.

कुणीतरी हात धरला. फान. त्याची बोटं ओळखतो. तळव्यावर लिहितो. एक एक अक्षर. शेवटची घासू नकोस. शेवटची तोंडाची. श्वासाची. मी मरेन असं लिहितो. माहीत आहे मला.

मी तोंडाने विचारलं, आवाज निघाला की नाही कोण जाणे. दादा, खरं सांग. कुणाचा हात चांगला.

त्याने लगेच लिहिलं. तुझा. पहिल्यापासून तुझा.

लगेच लिहिलं. थांबला नाही. म्हणजे खरं असेल. की दया. कळायला चेहरा दिसायला हवा. दिसत नाही. आता कधीच कळणार—

त्याने मला उराशी धरलंय. ऊब लागत नाही. मी आतून

आठ की नऊ

खिट्टी झाली. चमक राहिली. हाओ काका हात लावेनात. मीच देतो. चामड्याने. एक हात पुसतो एक लिहितो.

ओठ जड. आतून गार गोल काही जिभेवर चढतंय. जिभेच्या मापाचं.

फान खाली बसून पाय धरून आहे. धरू दे.

चिठ्ठी मी लिहिणार. साहेबांनी हो म्हटलंय. डबीबरोबर आत जाईल. पुरं नाव. वाचतील. माझ्या मुठी हातात घेऊन माझं नाव वाच

श्वास थोडा. आधी इथे लिहून बघतो हात चालतो का

काम करणारा, सुचौचा, वेई